क्राबन म्हणजे खेकडा नव्हे

मंगळवारी सकाळी दहाला गो-नोगो मीटिंग सुरू झाली आणि दहा वाजून सात मिनिटांनी मी ‘नो’ म्हटलं.

गो-नोगो म्हणजे नवीन सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हातात द्यायचं की नाही हे ठरवायची शेवटची बैठक. प्रत्येक टीमचा एकेक माणूस एका शब्दात उत्तर देतो. डेव्हलपमेंट, गो. सिक्युरिटी, गो. सपोर्ट, गो. मी टेस्टिंगची लीड, म्हणून माझा नंबर शेवटी. बहुतेकांनी तोवर लॅपटॉप मिटायला घेतलेले असतात.

आमचा डायरेक्टर ग्रेग. चांगला माणूस आहे, पण शुक्रवारी ग्राहक सिअ‍ॅटलला येणार होता आणि ग्रेगला तोवर झोप येणार नव्हती. त्याने विचारलं, कशासाठी नो? मी म्हटलं, एका सूपसाठी.

इथे थोडं कामाचं सांगायला हवं. आमची कंपनी मोठ्या प्रवासी जहाजांच्या किचनसाठी सॉफ्टवेअर बनवते. जहाज ज्या बंदराला लागतं तिथला माल भरतं, त्यामुळे पाकिटांवर दहा भाषा असतात. किचनमधला माणूस टॅबलेटने लेबल स्कॅन करतो. सॉफ्टवेअर त्यातले घटक वाचतं आणि कुठल्या प्रवाशाला कशाची अ‍ॅलर्जी आहे त्याच्याशी ताडून पाहतं. धोका असेल तर स्क्रीन लाल, नसेल तर हिरवा. बस, इतकंच. नवीन ग्राहकाची जहाजं जर्मनीहून निघून नॉर्वे करत आइसलंडला जाणारी. म्हणून आम्ही सहा भाषा नव्याने घातल्या होत्या: जर्मन, डच, डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश आणि आइसलँडिक.

सोमवारी दुपारी मी ग्राहकाने पाठवलेल्या लेबलांच्या फोटोंवर टेस्ट चालवत होते. श्रिंपची, म्हणजे कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेला एक खोटा प्रवासी बनवला होता. एक आइसलँडिक सूपचं पाकीट आलं. पाकिटावर चांगली वाटीभर गुलाबी कोळंबी छापलेली होती. स्क्रीन हिरवा.

मी पुन्हा स्कॅन केलं. हिरवा.

कारण शोधायला वेळ लागला नाही. आमच्याकडे विकत घेतलेली शब्दांची यादी होती. त्यात प्रत्येक भाषेत कोळंबीला एक शब्द. आइसलँडिकमध्ये तो शब्द ‘रायक्या’. पाकिटावर मात्र लिहिलं होतं ‘रायक्युम’. आइसलँडिकमध्ये नाम वाक्यात आलं की त्याची शेपूट बदलते. आपल्याकडे नाही का, ‘झिंगा’ एकटा असतो तेव्हा झिंगा, पण रस्सा ‘झिंग्यांचा’ होतो. आमच्या सॉफ्टवेअरला झिंगा माहीत होता, झिंग्यांचा माहीत नव्हता.

मीटिंगनंतर ग्रेगने मला त्याच्या केबिनमध्ये बोलावलं. त्याचं म्हणणं असं, की हा एक शब्द ‘नोन इश्यू’ म्हणून लिहून टाकू आणि पुढच्या महिन्यात दुरुस्त करू. नोन इश्यू म्हणजे माहीत असलेला दोष. प्रत्येक रिलीजमध्ये असे चार-पाच असतात आणि जगाचं त्यामुळे काही अडत नाही. शुक्रवारी ग्राहकाचा मुख्य शेफ स्वतः येतोय, त्याने आधी दोन कंपन्यांना नकार दिलाय, आता मागे सरायला जागा नाही, असं ग्रेग म्हणाला.

मी त्याला रियाची गोष्ट सांगितली.

रिया आमच्या मैत्रिणीची मुलगी, सव्वीस वर्षांची, इथेच जन्मलेली. कोळंबीचा एक तुकडा तिला चालत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिने वांग्याच्या भाजीकडे बोट दाखवून एका काकूंना विचारलं, यात श्रिंप नाही ना? काकू म्हणाल्या, “नो नो, ओन्ली वांगी. थोडे सोडे घातलेत.” काकू खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी कोळंबी म्हणजे ताजी. सुकवलेली ती सोडे, तो पदार्थच वेगळा. रियाला वाटलं, बेकिंग सोडा. तिने दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला तिचे ओठ सुजले. तिच्या आईने पर्समधलं इंजेक्शन काढून मांडीत टोचलं, अँब्युलन्स आली, पोरगी वाचली. काकू बाहेर पार्किंगमध्ये कितीतरी वेळ उभ्या होत्या आणि मी त्यांचा हात धरून उभी होते.

ग्रेगने समोरचं कॅलेंडर उघडलं. मग म्हणाला, “गुरुवारी दुपारी चार. त्यापुढे एक मिनिट नाही.”

माझ्या जागेवर आले तर निखिल तिथे उभा. निखिल हा भाग लिहिणारा डेव्हलपर, नागपूरचा, हुशार आणि हळवा.

“मीनलताई, आधी मला पिंग करायचं ना यार. सगळ्यांसमोर सांगितलंत.”

त्याचं बरोबर होतं. सोमवारी दोष सापडल्यावर मी त्याला न सांगता रिपोर्ट लिहीत बसले, आणि त्याला तो मीटिंगमध्ये सगळ्यांबरोबर कळला. मी सॉरी म्हटलं. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. आमच्याकडे समेट असाच होतो.

बुधवारी सकाळी निखिलने उपाय आणला. शेपूट बदलते ना, मग शेपूटच तोडू. शब्दाचा पुढचा भाग जुळला की लाल. सूपचं पाकीट स्कॅन केलं. लाल. आम्ही दोघं फार खूश झालो. मग सगळी लेबलं पुन्हा चालवली आणि आइसलंडमधलं साधं दही लाल झालं.

त्या दह्यात दुधाशिवाय काही नव्हतं. पण डब्यावर एक वाक्य होतं आणि त्यात तोच शब्द होता, ‘रायक्युम’. अक्षर न् अक्षर तेच. ऑनलाइन भाषांतराने एकदा ‘कर्तव्य’ असं काहीतरी दाखवलं, एकदा ‘कोळंब्या’. तिकडे स्वीडिशमध्ये शेपूट तोडली तर ‘मोजणे’ हे क्रियापदही लाल होत होतं.

कुणाला वाटेल, जास्त लाल झालं तर बिघडलं काय, सुरक्षितच आहे. तसं नसतं. दही लाल, बिस्किटं लाल असं चार दिवस चाललं की किचनमधला माणूस लाल रंगाकडे बघणं सोडतो. मग लांडगा खरंच येतो.

निखिल म्हणाला, आइसलँडिक येणारा माणूस आपण आता कुठून आणायचा? मी म्हटलं, माझ्या ओळखीच्या आहेत एक.

दर बुधवारी दुपारी आमच्या इथल्या लायब्ररीत विणकामाचा ग्रूप जमतो. लंचच्या वेळात मी अधूनमधून जाते. तो ग्रूप चालवतात सिगरून. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ताठ, पांढऱ्या केसांचा बॉब. आइसलंडच्या वायव्येच्या एका खेड्यातल्या. त्यांच्याकडे आडनावाने हाक मारत नाहीत, राष्ट्राध्यक्षालाही पहिल्या नावानेच, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माझ्या तोंडून ‘सिगरून’ एवढंच काही निघेना. मग मी त्यांना मावशी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तेव्हापासून त्या सिगरूनमावशी. त्यांना ते आवडतं असं दिसतं, कारण ग्रूपमधल्या इतरांनी म्हटलं तर त्या दुरुस्त करतात, मी म्हटलं तर नाही.

मी दोन्ही लेबलांचे प्रिंट काढून नेले होते. मावशींनी सुया खाली ठेवल्या आणि चष्मा बदलला. सूपच्या लेबलावर बोट ठेवून म्हणाल्या, ही कोळंबी. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मी गावच्या कारखान्यात हीच सोलत होते, पाणी इतकं गार असायचं की संध्याकाळी मला माझी बोटं मोजून घ्यावी लागायची. मग दह्याचं लेबल उचललं आणि वाचून गालातल्या गालात हसल्या.

“यात कोळंबी नाही,” त्या म्हणाल्या. “इथे हे क्रियापद आहे. ‘आम्ही आमचं काम मनापासून पार पाडतो’ असं लिहिलंय डेअरीने. पार पाडतो म्हणजे रायक्युम.”

नाम आणि क्रियापद, दोन्हींची रूपं एका ठिकाणी येऊन तंतोतंत जुळलेली. आपल्याकडे ‘वाटली डाळ’ असते आणि ‘भीती वाटली’ही असते. आमचं सॉफ्टवेअर ‘मला भीती वाटली’ या वाक्यात डाळ शोधत होतं.

मावशींनी उपायही सांगितला, आणि तो इतका साधा होता की मला लाज वाटली. त्या म्हणाल्या, तुम्ही डेअरीची बढाई वाचताच कशाला? लेबलावर घटकांच्या यादीआधी ‘इन्निहाल्ड’ असा शब्द असतो, म्हणजे ‘आत काय आहे’. तिथून पुढचं वाचा. पाकिटात काय आहे ते तिथेच लिहायचं असतं.

मी भराभर लिहून घेतलं, आभार मानले आणि उठले. तेवढ्यात मावशी सहज म्हणाल्या, जर्मनही घालताय ना? मग क्राबनचं नीट बघा.

मी विचारलं, क्राबनचं काय?

मावशींचे यजमान डीटर जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरचे. चार वर्षांपूर्वी वारले. लग्नानंतर दोघं सिअ‍ॅटलला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात डीटर एकदा म्हणाले, आज क्राबन खावेसे वाटतात. मावशींच्या भाषेत ‘क्राब्बी’ म्हणजे खेकडा. इंग्रजीतही क्रॅब. त्या बाजारात गेल्या, चांगला मोठा खेकडा आणला, त्याच्यामागे अर्धा दिवस घालवला आणि मेणबत्ती लावून ताट मांडलं. डीटर ताटाकडे बघत बसले. त्यांना हवी होती बोटाच्या पेराएवढी करडी कोळंबी, पावात भरलेली. त्यांच्या किनाऱ्यावर तिलाच क्राबन म्हणतात.

“त्याने खेकडा संपवला,” मावशी म्हणाल्या, “पण आठवडाभर आमच्यात अबोला होता.”

मी हसले आणि हसता हसता थांबले. आमच्या यादीत जर्मन कोळंबीला ‘गार्नेले’ हा एकच शब्द होता. पुस्तकी जर्मनमध्ये तो बरोबरच आहे. आणि क्राबन होता खेकड्याच्या रकान्यात. आता, श्रिंप चालत नाही पण खेकडा चालतो असे प्रवासी असतात. आमच्या फॉर्मवर दोन्हींना वेगवेगळे चौकोन होते.

लायब्ररीच्या पार्किंगमध्ये उभं राहून मी निखिलला फोन केला.

“जर्मनमध्ये क्राबन टाक. प्रवासी फक्त श्रिंपवाला ठेव.”

कीबोर्डचा आवाज आला.

“ताई,” तो म्हणाला, “हिरवा आला.”

सूपच्या वेळी सॉफ्टवेअरला शब्द माहीतच नव्हता. इथे शब्द माहीत होता, नीट वाचला होता आणि छातीठोकपणे चुकीचं उत्तर दिलं होतं. ग्राहकाच्या जहाजावर अर्धे स्वयंपाकी जर्मन. मी गाडीत बसले आणि दोन मिनिटं चावीच फिरवली नाही.

त्या दुपारपासून गुरुवारपर्यंत आम्ही यादी मुळापासून पुन्हा केली. नियम एकच ठेवला: पुस्तकातून शब्द घ्यायचा नाही, ती भाषा बोलणारा आणि त्या भाषेत बाजारहाट केलेला माणूस गाठायचा. सिअ‍ॅटल भागात पूर्वीपासून मासेमारीसाठी आलेली नॉर्डिक कुटुंबं पुष्कळ. मावशींनी तीन फोन केले आणि आम्हाला तीन भाषांच्या तीन आज्या मिळाल्या. डचसाठी आमच्या ऑफिसातल्या एकाची सासू ॲमस्टरडॅमहून व्हिडिओवर आली. जर्मनचं डीटरबरोबर संसार केलेल्या मावशींनीच पाहिलं.

मला त्यात भारी मजा आली, हे कबूल करते. या सगळ्या भाषा एकमेकींच्या चुलत बहिणी. आइसलँडिक रायक्या, नॉर्वेजियन रेके, स्वीडिश रेका, डॅनिश राये. चौघींचा चेहरा एकच, हे ऐकताक्षणी कळतं. डच गारनाल आणि जर्मन गार्नेले ही दुसरी जोडी. इंग्रजी श्रिंप आपली वेगळीच बसलेली. डचमध्ये अजून एक चकवा निघाला. एका कोळंबीच्या स्पेलिंगमध्ये दोन ए लागतात, अनेक झाल्या की एकच उरतो. पाकिटात एक कोळंबी कोण भरतं? म्हणजे आमची डच यादी एकाही पाकिटावर चालली नसती.

आणि जर्मन ‘क्राबे’, म्हणजे क्राबनचं एकवचन, ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी नॉर्वेजियनमध्येही शब्द लिहितात. तिथे मात्र तो खरोखर खेकडा. म्हणून आम्ही प्रत्येक शब्दाला त्याच्या भाषेचा शिक्का मारला. जर्मन लेबलावर क्राबन दिसला तर कोळंबी आणि खेकडा, दोन्हींसाठी लाल. नॉर्वेजियन लेबलावर फक्त खेकड्यासाठी.

निखिल हे लिहिताना म्हणाला, आमच्याकडे एकच झिंगा, विषय संपला. मी वेंगुर्ल्याची. मी त्याला सुंगटं, कोळंबी, करंदी, जवळा आणि सोडे यांतला फरक सांगायला लागले तेव्हा त्याने हेडफोन लावले.

गुरुवारी चार वाजता पुन्हा गो-नोगो. माझा नंबर आला. मी ‘गो’ म्हटलं. ग्रेगची एकच शंका होती: जर्मनमध्ये दोन्हींसाठी लाल दाखवलं तर ग्राहक म्हणेल, तुमचं नक्की ठरत नाही का? मी म्हटलं, शब्दाचंच नक्की ठरलेलं नाही, आपण ठरलंय असं कशाला भासवायचं. त्यावर तो सही करून मोकळा झाला. फक्त इतकं म्हणाला, की मंगळवारचं रामायण ग्राहकासमोर आपणहून काढू नकोस. मी म्हटलं, काढणार नाही. विचारलं तर मात्र खरं सांगेन.

शुक्रवारी शेफ आला. नाव उवे. साडेसहा फूट उंच, फार न बोलणारा. ग्रेगने तीस स्लाइड्स बनवल्या होत्या. उवेने तिसऱ्या स्लाइडला हात वर केला आणि टॅबलेट मागितला.

त्याने स्वतः प्रवासी बनवला. अ‍ॅलर्जी फक्त श्रिंपची. भाषा जर्मन. मग एका बोटाने सावकाश एक लांबलचक शब्द टाइप केला. मी त्याच्या मागेच उभी होते. क्राबनब्रोटशन. म्हणजे क्राबन भरलेला पाव. डीटरना हवा होता तोच.

स्क्रीन लाल झाला. खाली ओळ आली: श्रिंप किंवा क्रॅब, दोन्ही शक्यता.

उवेचा चेहरा हलला नाही. त्याने भाषा बदलून नॉर्वेजियन केली आणि क्राबे लिहिलं. हिरवा. तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. मग डच. मग डॅनिश. मग त्याच्या फोनमधली आइसलँडिक लेबलं, एकामागून एक. हे वीस मिनिटं चाललं. निखिल टेबलाखाली पाय हलवत होता आणि मला ते माझ्या खुर्चीत जाणवत होतं.

शेवटी उवेने टॅबलेट उलटा ठेवला आणि विचारलं, “हे कुणी केलं?”

ग्रेगने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “मंगळवारी आम्ही सगळे तयार होतो. हिने थांबवलं. दुरुस्त याने केलं.” आणि निखिलकडे बोट दाखवलं. रामायण न काढण्याबद्दल मला सांगणारा तोच माणूस. माझ्या मनात ग्रेगची किंमत त्या एका वाक्याने वाढली.

उवे म्हणाला, मी उत्तर किनाऱ्यावरचा आहे. प्रत्येक कंपनीत हा एक शब्द आधी टाइप करतो. आधीच्या दोघांकडे हिरवा आला. तिथे मी जेवायलाही थांबलो नाही.

मग त्याने मला विचारलं, तुम्हाला हे कसं कळलं, तुम्हाला जर्मन येतं का? मी म्हटलं, नाही, तुमच्या किनाऱ्यावरच्या एका माणसाला एकदा इथे क्राबन मागून खेकडा मिळाला होता. आणि मावशींची गोष्ट सांगितली. साडेसहा फुटी उवे डोळे पुसेपर्यंत हसला. त्या दिवशी तो जेवायला थांबला, आणि जेवताना त्याने ग्रेगला सांगून टाकलं की काम तुम्हालाच.

पुढे रीतसर सगळं झालं. उन्हाळ्यात जहाजं निघाली. पहिल्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये जर्मन क्राबनमुळे लाल झाल्याच्या पानभर नोंदी होत्या. त्यातल्या एका नोंदीपुढे किचनमधल्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘प्रवाशाची डिश बदलली’. मी ते पान प्रिंट करून निखिलच्या मॉनिटरवर चिकटवलं. ते अजून तिथे आहे.

मदत केलेल्या आज्यांची नावं आम्ही अ‍ॅपच्या हेल्प पानावर भाषा-तज्ज्ञ म्हणून टाकली. मावशींना टॅबलेटवर दाखवलं. त्यांनी चष्मा बदलून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, माझ्या नावातल्या ‘यू’वर तिरकी रेघ असते, ती कुठे आहे? निखिलने त्याच दिवशी दुरुस्त केलं. त्यांच्या तक्रारीला बगचा रीतसर नंबरही दिला.

यंदा आम्ही पोर्तुगीज घेतोय. डिक्शनरीची ऑर्डर अजून दिलेली नाही. निखिल म्हणतो, आधी त्या भाषेतली मासळी नेहमी साफ करणारी माणसं शोधू, पुस्तकाचं नंतर बघू. टेस्टिंगमधली माझी चोवीस वर्षं आहेत. निखिलच्या या वाक्यात करण्याजोगी दुरुस्ती मला सापडलेली नाही.